काही विचारायचं आहे का?

माझ्या विषयाला आमच्या आयटीआयमध्ये कुणी विषय मानायचंच नाही. फिटरच्या सरांकडे मशीन होती, वेल्डिंगवाल्यांकडे ठिणग्या होत्या, इलेक्ट्रिशियनच्या वर्गात निदान शॉक तरी बसायचा. माझ्याकडे एक टेबल आणि दोन खुर्च्या. वेळापत्रकात नाव मात्र भारदस्त, 'एम्प्लॉयॅबिलिटी स्किल्स', म्हणजे नोकरीच्या मुलाखतीची तयारी. पोरं त्याला 'साळवे मॅडमचा बोलायचा तास' म्हणत आणि जेवणानंतर असला तर बिनधास्त झोपत. मीही काही गरीब गाय नव्हते. खडू नेमका मारण्याची माझी ख्याती तिसगावच्या बाजारापर्यंत पोचली होती.

आता निवृत्त झाले. दिवाळी अंकवाल्यांनी फोन केला, म्हणाले, मॅडम, नोकरीतले अनुभव लिहा. म्हटलं, माझी सगळी नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या नोकरीचा आदला दिवस. दुसऱ्या दिवशी पोरं कंपनीत जायची आणि मी परत माझ्या दोन खुर्च्यांपाशी. पण त्या आदल्या दिवसांत जे बघितलंय, ते काय सांगू!

बाहेरच्या माणसाला वाटतं, मुलाखत म्हणजे चार प्रश्न नि चार उत्तरं. अहो, प्रश्नांच्या आधी दार असतं. ते ढकलायचं की ओढायचं, चपला बाहेर काढायच्या का, बसा म्हणायच्या आधी बसायचं का, आणि बसल्यावर या दोन हातांचं करायचं काय? आमची पोरं पाथर्डी-शेवगावकडच्या कोरड्या गावांतली. मोठ्या माणसासमोर खुर्चीत बसायचं नाही, नजर वर करून बोलायचं नाही, आपलं कौतुक आपल्या तोंडाने करायचं नाही, हे घरातून शिकून आलेली. म्हणजे पोरगं जितकं वळणाचं, तितकं मुलाखतीत नापास. ते वळण मला दोन वर्षांत मोडून काढावं लागायचं. मी आमच्या ह्यांचा लग्नातला कोट अंगावर चढवायची, टेबलामागे साहेब होऊन बसायची आणि एकेकाला आत बोलवायची.

एकदा एक पोरगा आत आला तो थेट टेबलाखाली शिरला. मी ओरडले, "काय शोधतोयस रे?"

"पाय," तो खालूनच म्हणाला. साहेबाच्या पाया पडायला निघाला होता.

दुसऱ्या एकाला विचारलं, "तुमच्यातला एखादा दोष सांगा." हा प्रश्न कंपन्या हमखास विचारतात. उत्तर असं द्यायचं असतं, की दोष ऐकून साहेबाला गुण वाटला पाहिजे. 'काम हातात घेतलं की मला जेवणाचं भान राहत नाही,' असलं काहीतरी. थोडं खोटं, पण चालतं. हे सगळं फळ्यावर लिहून दिलेलं असताना हा पठ्ठ्या म्हणाला, "राग येतो, मॅडम. मागल्या महिन्यात चुलतभावाचं टाळकं फोडलं."

"बरं. त्यातून काय शिकलात?"

"आता तो बांधावर येत नाही."

एका वर्षी माझ्या कपाटात मी एक पांढरा शर्ट ठेवला होता. ज्याच्याकडे धड शर्ट नाही त्याने तो घालून जायचं आणि धुऊन परत आणायचा. तो शर्ट घालून एक पोरगा मुलाखतीला आत गेला, बाहेर आला, कंपनीच्या मुतारीत तो काढून दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसऱ्याला साहेब म्हणाले, "तुमचं आयटीआय चांगलं आहे, पण खिशावरचा हा शाईचा डाग मी सकाळपासून बघतोय." तिघांनाही घेतलं बरं का त्यांनी. म्हणाले, वस्तू जपून वापरणारी पोरं आहेत.

पोरांचं असं हसतखेळत व्हायचं. पोरींचं मात्र मला जड जायचं. एक तर पोरी थोड्या. त्यात त्या मन लावून शिकायच्या, पहिल्या यायच्या, आणि दसऱ्याच्या सुमाराला वर्गातून नाहीशा व्हायच्या. चौकशी केली की कळायचं, लग्न झालं, उसाच्या फडावर गेली. ज्यांना आमच्या भागातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, मुकादम त्याला फारसा विचारत नाही. म्हणून हंगाम जवळ आला की आमच्याकडे लग्नं जमवायची घाई उडते. त्या पोरींना मी दार कसं उघडायचं ते शिकवलं होतं, पण त्या दारापर्यंत त्या पोचल्याच नाहीत.

कोमल मात्र पोचली. तिचीच गोष्ट सांगायला बसलेय.

इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटीच मुलगी. हात इतका साफ, की सर म्हणायचे, हिने केलेला बोर्ड उघडून बघायलाच नको. घरी आई कांताबाई, वडील सोपानराव. दोघं दर वर्षी कोल्हापूरकडे तोडीला जायचे. आणि वरून एक मामा. बबनमामा. आख्ख्या पंचक्रोशीतली लग्नं जमवणारा माणूस. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की थांबायचा नाही. सोपानराव त्याच्या शब्दाबाहेर नव्हते.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने आमच्या पोरांना मुलाखतीला बोलावलं, तेव्हा मामा मला येऊन सांगून गेला. "बाई, नोकरी लागली तर लागली, आमची ना न्हाई. पन न्हाई लागली तर पोरगा बघून ठिवलाय म्या. चांगलाय, निर्व्यसनी हाय. दसऱ्याच्या आत अक्षता टाकायच्या."

तो गेल्यावर कोमल माझ्याकडे आली. दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मला फडावर न्हाई जायचं. ल्हानपनी लई गेले. उसाच्या पाचटावर झोपायचो आमी. मला न्हाई जायचं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "रडतेस काय? बस खुर्चीत. तयारीला लाग."

पण तिची तयारी म्हणजे माझी कसोटी! बस म्हटलं की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, उभीच बरी." बसली की ओढणी डोक्यावर, नजर पायाच्या अंगठ्यावर, आवाज हंड्यातून आल्यासारखा. मला कळेना, बोर्डासमोर वाघीण असलेली ही पोर माझ्यासमोर अशी का होते. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, हिने आयुष्यात मुलाखत बघितलीय ती एकच, मुलगी बघायला येतात ती! दोनदा तिला दाखवूनही झालं होतं.

आणि खरंच, किती सारखं असतं बघा. पाहुणे येतात. मुलगी पोह्यांच्या बश्या ठेवते आणि सतरंजीवर अंगठा बघत बसते. बोलणी मामा करतो. पाहुण्यांनी बशी चाटूनपुसून खाल्ली तर पसंत, हात लावला नाही तर नापसंत, तोंडाने कुणी बोलतच नाही. उठताना पाहुणे मोठ्या मनाने विचारतात, "मुलीला काही विचारायचं आहे का?" मुलगी मान हलवते, नाही. संपला कार्यक्रम.

आता गंमत अशी, की कंपनीतला साहेबही शेवटी हेच विचारतो. "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" आणि इथे नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणालात की साहेबाला वाटतं, याला काही पडलेलीच नाही. म्हणून मी सगळ्यांना चार प्रश्न पाठ करून द्यायची. कामाची जागा नक्की कुठली? शिफ्ट कशी असते? सुट्टी कोणत्या वारी? आणि चौथा माझा लाडका, या जागेवर आधी कोण होतं, आणि त्यांनी का सोडलं? हा विचारला की टेकून बसलेला साहेब खुर्चीत नीट बसतो.

कोमल म्हणाली, "आपन कशाला इचारायचं, मॅडम? त्यांना राग आला तर?"

म्हटलं, "येऊ दे. तुझा दिवस जायचाय तिथं, त्यांचा नाही. तूपण त्यांना बघायला चाललीस असं समज." तिला ते पटलं नाही, पण पाठ केलं. बसस्टँडवर दिसली तरी मी लांबून ओरडायची, "काही विचारायचं आहे का?" आणि ती चारही प्रश्न घडाघडा म्हणायची. एसटीची वाट बघणारी माणसं आमच्याकडे बघायची. बघेनात!

मुलाखतीच्या दिवशी मी सगळ्यांना क्रूझरमध्ये कोंबून सुप्याला नेलं. कंपनीच्या गेटवर उतरतो तर समोर मामाचा टेम्पो उभा. मामा, सोपानराव, कांताबाई, शिवाय एक मावशी. कांताबाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा.

मी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही का आलात?"

"असं कसं? पोरगी एकटी पाठवायची व्हय?" मामा म्हणाला. "बोलनी कोन करनार?"

मी गेटवर नावं लिहिण्यात गुंतले तेवढ्यात मामा कोमलला घेऊन आत! वॉचमनला त्याने काय सांगितलं देव जाणे. बहुतेक 'मी मामा' एवढंच सांगितलं असणार, पण ते अशा रुबाबात, की वॉचमनने सलाम ठोकला. मी धावत गेले तोवर केबिनचं दार लागलं होतं. काचेची केबिन होती, आणि दार नीट लागत नव्हतं. त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि सगळं ऐकूही येत होतं. साहेबांसमोरच्या खुर्चीत मामा बसला होता. कोमल मागे उभी, हातात डबा.

"मुलाखत कुणाची आहे?" साहेबांनी विचारलं.

"पोरीचीच की. पन ती लाजती. काय असंल ते मला इचारा." आणि मग साहेब काही विचारायच्या आत, "साहेब, गाव कंचं तुमचं?"

"मिरजगाव," साहेब बिचारे सांगून बसले.

"आरं तिच्या! मिरजगाव म्हंजे आमच्या साडूच्या थोरल्या भावाची सासुरवाडी! पेठंत त्यांचं भांड्याचं दुकान हाय, म्हाईत हाय का न्हाई?"

साहेबांना दुकान माहीत होतं. घ्या! मग साहेबांचं घर कुठल्या आळीत, वडील काय करतात, शेती आहे का, पाणी कुठलं, धाकट्या भावाचं अजून जमलं का नाही, हे सगळं मामाने काढून घेतलं. साहेबांची इतकी कसून मुलाखत त्यांना नोकरी देणाऱ्यानेही घेतली नसेल. काचेबाहेर रांगेत उभी असलेली माझी पोरं हसून हसून भिंतीला टेकली.

"पोरगी कामाला लई चांगली," मामा शेवटी मुद्द्यावर आला. "सैपाक येतो. धुनं येतं. म्हशीची धार काढते. आन लायटीचं बी समदं येतं." मग मागे वळून, "डबा उघड गं. घ्या साहेब, बुंदीचं लाडू. घरचं तूप हाय."

साहेबांनी हात जोडले. "मामा, कंपनीचा नियम आहे. उमेदवाराकडून काही घेता येत नाही."

"एक चाखून तर बघा."

"नाही हो. खरंच नाही."

मामाचा चेहरा पडला. त्याने स्वतःच डब्याचं झाकण लावलं, उठला, आणि साहेबांनी बाहेर थांबा म्हणायच्या आत बाहेर आला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "गेलं, बाई. लाडवाला हात लावला न्हाई त्यांनी."

आत साहेबांनी कोमलला बसायला सांगितलं. ती बसली. सरळ बसली! मग त्यांनी एक बिघडलेला बोर्ड पुढ्यात ठेवला, आणि ती अंगठा बिंगठा विसरली. टेस्टर घेतला, दोन ठिकाणी लावला, एक वायर काढून दुसरीकडे जोडली, आणि दिवा लागला. साहेब खूश. मी काचेला नाक लावून उभी.

"छान," साहेब म्हणाले. "तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

कोमलने मान खाली घातली. "नाही."

मी काचेवर डोकं आपटलं. केबिनमधले साहेब दचकले.

परतीच्या वाटेवर जेवायला थांबलो तर मामा फोनवर पाहुण्यांना रविवार देत होता. मी त्याच्यावर कडाडले, "अहो मामा, निकाल तरी येऊ द्या! लाडू खाल्ला नाही म्हणजे नोकरी नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बाई, तुमी शिकल्यात, पन जगात म्या वागलोय. अन्नाला ज्यानं हात लावला न्हाई, तो सोयरीक करत नसतो. आमी काय येडे हाय व्हय?" मग जरा मऊ होऊन म्हणाला, "रविवारी तुमी बी या. खरी मुलाखत कशी असती ते बघायला."

कोमल क्रूझरमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिला विचारलं, "का गं नाही म्हणालीस?" तर म्हणाली, "तोंडातून आपोआपच गेलं, मॅडम. डबा बंद झाला तवाच मला वाटलं, आता काय इचारायचं." मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली.

रविवारी चर्च सुटलं आणि मी तशीच त्यांच्या घरी गेले. का गेले, मलाच ठाऊक नाही. लग्न मोडायचा मला अधिकार नव्हता. मी बाहेरची बाई, फार तर पोह्याला नावं ठेवू शकले असते.

पाहुणे आले होते. मुलगा विष्णू, त्याचे वडील आणि एक चुलता. आई आली नव्हती. 'बरं न्हाई तिला,' एवढंच म्हणाले. मुलगा खरंच चांगला दिसला. अंगात नवा शर्ट, घडीच्या खुणा तशाच, आणि तोही आपल्याच अंगठ्याकडे बघत बसलेला. कोमलने बश्या ठेवल्या. चुलत्याने नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी येते का विचारलं. ती उत्तरं देत गेली. विष्णूने पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. मामाने माझ्याकडे बघून भुवई उडवली.

मग चुलता सैलावून म्हणाला, "पोरीला काय इचारायचं असंल तर इचारू द्या बरं का. आमी मोकळ्या मनाची मानसं."

सगळे हसले. मामा चहा आणा म्हणून ओरडायच्या बेतात होता. कोमलने मान वर केली, आणि शपथेवर सांगते, मी डोळ्याने काय, भुवईनेसुद्धा खुणावलं नव्हतं. तिने डोक्यावरची ओढणी खांद्यावर घेतली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली,

"हो, विचारायचं आहे. कामाची जागा नक्की कुठली?"

"कसलं काम?" चुलता म्हणाला.

"लग्न झाल्यावर मी जे करायचं ते."

उत्तर विष्णूने दिलं, सरळपणाने. "औंदा कोल्हापूरकडं. फडावर."

"शिफ्ट कशी असते?"

"पहाटं जायचं. मंग गाडी भरंपर्यंत."

"सुट्टी कोणत्या वारी?"

यावर पाहुणे खो खो हसले. मामाही हसला. विष्णू हसला नाही. तो खरंच विचार करत होता. "कारखाना बंद पडला तर असती," तो म्हणाला.

"या जागेवर आधी कोण होतं?"

आता हसणं थांबलं. विष्णूने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी भिंतीकडे.

"आई," विष्णू म्हणाला.

"त्यांनी का सोडलं?"

"कंबर गेली तिची. आता मोळी उचलत न्हाई तिला."

चुलीपाशी कांताबाईंच्या भांड्यांचा आवाज चालला होता, तोही बंद झाला. हे प्रश्न मी फळ्यावर कितीदा लिहिले असतील, पण असे ऐकले नव्हते.

"बरं," कोमल म्हणाली. "कळवते मी."

आणि उठून आत गेली.

पाहुणे गेल्यावर मामा माझ्यावर तुटून पडला. "तुमीच बिघडवली पोरगी! घरात आल्याल्या पाहुन्याला असं इचारत्यात व्हय?" माझ्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर होतं, पण त्याआधी सोपानराव बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलले. "गप रे बबन. तिनं इचारल्यालं काय खोटं हुतं?" मामा गप्प बसला. मामा गप्प बसलेला मी त्या एकाच दिवशी पाहिला. विष्णू मला दारात भेटला होता. चप्पल घालता घालता हळूच म्हणाला, "बाई, बरं इचारलं तिनं. मला बी कुनी सांगितलं न्हवतं, असं इचारायचं असतं म्हनून."

सोमवारी कोमल आयटीआयमध्ये आली, माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढली, बसा म्हणायची वाटही न बघता बसली आणि कंपनीला फोन लावला. स्पीकरवर.

"सर, मी कोमल. त्या दिवशी तुम्ही विचारलं, काही विचारायचं आहे का. मी नाही म्हणाले होते. पण मला विचारायचं होतं."

"मामा आहेत का जवळ?" साहेबांनी घाबरत विचारलं.

"नाहीत, सर."

"मग विचारा."

तिने चारही विचारले. जागा सुप्यातच, पॅनेल बसवायच्या विभागात. शिफ्ट आठ तासांची, मुलींना सोडायला बस. सुट्टी गुरुवारी, त्या दिवशी तिथली वीज बंद असते. आणि या जागेवर आधी कोण होतं?

"कुणीच नव्हतं," साहेब म्हणाले. "नवी लाईन आहे. तुम्हीच पहिल्या. तुमचं नाव यादीत आहेच, या आठवड्यात आम्ही फोन करणारच होतो."

कोमलने फोन ठेवला. मग आम्ही दोघी रडलो. चला, लिहूनच टाकते, मी जास्त रडले. मागच्या बाकावर झोपलेला एक फिटर जागा होऊन म्हणाला, "मॅडम, कोण गेलं?" त्याला मी खडू मारला.

रुजू व्हायच्या दिवशी मामा टेम्पो घेऊन हजर. पुन्हा तोच डबा, ताजे लाडू. या वेळी तो आत गेला नाही. संध्याकाळपर्यंत गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिला. साहेब सुटल्यावर चहाला आले तसा मामा पुढे झाला. "साहेब, आता पोरगी तुमचीच मानूस झाली. उमेदवार राहिली न्हाई. आता तरी घ्या." साहेबांनी एक लाडू घेतला, मग दुसरा घेतला. मामाने तो संपेपर्यंत नजर हटवली नाही. मग मला फोन करून म्हणाला, "बाई, झाली मुलाखत! दोन खाल्लं!"

दसरा झाला. एका सकाळी मी तिसगावच्या फाट्यावर एसटीसाठी उभी होते, तर तोडीला निघालेला एक ट्रॅक्टर चहासाठी थांबला. मागच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, सरपण, आणि त्यावर बसलेली माणसं. त्यांत कांताबाई. मला बघून त्या उतरल्या. एक हात कमरेवर ठेवून, सावकाश उतरल्या.

"बाई, पोरीची पयली सुट्टी काल झाली. लई झोपली, म्हनली फोनवर." आणि हसल्या. मग पदर नीट करून म्हणाल्या, "ते तुमी तिला काय काय इचारायला शिकवलं हुतं, ते मला सांगा की. मुकादमाला इचारते."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मग मी सांगितलं. जागा कुठली, शिफ्ट कशी, सुट्टी कोणत्या वारी. त्या एकेका बोटाला धरून मनाशी म्हणत गेल्या. चौथा मी सांगितला नाही. तो त्यांनीच म्हटला, "आन माझ्या आधी कोन हुतं. ते मला ठावं हाय. माझी सासू हुती."

ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला.

"आन शेवटी काय म्हनायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"कळवते म्हणायचं."

कांताबाई मनापासून हसल्या. ट्रॉलीवरच्या बाईने वरून हात दिला, तो धरून त्या चढल्या आणि भांड्यांच्या मध्ये बसल्या. "ते मातर औंदा जमायचं न्हाई, बाई," वरून म्हणाल्या. "बसले ना आता गाडीत." मग ट्रॅक्टर निघाला आणि त्या मला दिसेनाशा होईपर्यंत बोटं मोजत होत्या.